पाथ, डॉट-डॉट आणि सिमलिंक: प्रोग्राम तुमची फाईल नेमकी कुठे शोधून राहिला?

"माझ्या लॅपटॉपवर चालून राहिलं ना, मग सर्व्हरवरच काहून एरर येऊन राहिली?" नवीन पोरं-पोरी हे घेऊन आले की मी कोड उघडायच्या आधी एकच विचारतो, पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, कसा लिहिलाय. दहातल्या बहुतेक वेळा भानगड तिथेच असते. कॉलेजात डेटा स्ट्रक्चर शिकवतात, डीबीएमएस शिकवतात, पण ओपन म्हटल्यावर ती फाईल कुठून उघडते हे कोणी धड सांगत नाही. इथे नागपुरात आयटी पार्कमध्ये नाहीतर मिहानमध्ये इंटर्न म्हणून लागलं की पहिल्या आठवड्यातच हे अंगावर येतं. म्हणून हे लिहून ठेवतोय, हातानं करून बघत वाचा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. पाथ म्हणजे नुसता मजकूर. लायब्ररीतली काही फंक्शनं त्या मजकुरावर कात्री चालवतात आणि मोकळी होतात, डिस्ककडे ढुंकूनही बघत नाहीत. काही फंक्शनं मात्र खरंच डिस्कला जाऊन विचारतात की बाबा हे आहे का, आणि असलं तर खरं कुठे आहे. दोघांची नावं दिसायला भावंडांसारखी, उत्तरंही बऱ्याचदा सारखीच येतात, आणि ज्या दिवशी वेगळी येतात त्या दिवशी तुमची संध्याकाळ गेली समजा.

तयारी

लिनक्स पाहिजे, उबंटू असो की विंडोजमधलं डब्ल्यूएसएल, आणि पायथन ३. कमांड मी इथे देवनागरीत लिहून राहिलो, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. फोल्डरांची नावं मात्र खरंच मराठीत ठेवली तरी चालतं, लिनक्सला काही फरक पडत नाही (त्यातही एक गंमत आहे, ती शेवटाकडे). समजा आपण कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या भावाचा छोटा प्रोजेक्ट करून राहिलो. एवढं बनवा:

/होम/कोमल/मंडी/कोड/भाव.पीवाय
/होम/कोमल/मंडी/डेटा/२०२४/संत्री.सीएसव्ही
/होम/कोमल/मंडी/डेटा/२०२५/संत्री.सीएसव्ही
/होम/कोमल/जुनं/कळमना/२०२३/संत्री.सीएसव्ही

सीएसव्हीत काहीही टाका, दोन ओळी पुरे. कोमलच्या जागी तुमचं युजरनेम.

पायरी १: आपण उभे कुठे आहोत

भाव.पीवाय मध्ये एकच काम ठेवा, "डेटा/२०२५/संत्री.सीएसव्ही" ही फाईल ओपन करून छापायची. आता मंडी फोल्डरमध्ये जाऊन "पायथन३ कोड/भाव.पीवाय" चालवा, मस्त चालेल. मग कोड फोल्डरमध्ये जाऊन "पायथन३ भाव.पीवाय" चालवा. फाईल नॉट फाउंड. कोड तोच, फाईल तिथेच, मशीन तेच.

कारण स्लॅशने सुरू न होणारा पाथ रिलेटिव्ह असतो आणि तो मोजला जातो प्रोसेसच्या करंट वर्किंग डिरेक्टरीपासून, म्हणजे सीडब्ल्यूडीपासून. स्क्रिप्टची फाईल कुठे पडलीये याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. बर्डीवर उभं राहून कोणी "इथून सरळ जा, मग डावीकडे" सांगितलं तर ते बर्डीवरूनच खरं, सदरमध्ये उभं राहून तेच केलं तर भलतीकडे पोचाल. स्लॅशने सुरू होणारा पाथ म्हणजे झिरो माईलपासून सांगितलेला पत्ता, तुम्ही कुठेही उभे असा, उत्तर एकच.

हे कळलं की बरीच कोडी आपोआप सुटतात. व्हीएस कोडमध्ये रन दाबलं की टर्मिनल सहसा उघडलेल्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये असतं, पायचार्म मात्र स्क्रिप्टचंच फोल्डर सीडब्ल्यूडी म्हणून धरतं, म्हणून एकाच टीममध्ये दोघांचं भांडण की माझ्याकडे चालतं तुझ्याकडे काहून नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवलं तर सीडब्ल्यूडी युजरचं होम असतं. सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारं ते) सिस्टम सर्व्हिस असेल आणि वर्किंग डिरेक्टरी लिहिली नसेल तर थेट रूट, म्हणजे नुसता स्लॅश. आणि सीडब्ल्यूडी ही अख्ख्या प्रोसेसची एकच असते, एका थ्रेडने ओएस डॉट सीएचडीआयआर केलं की बाकी थ्रेडांच्या पायाखालची जमीन पण सरकली. त्यामुळे लायब्ररीच्या कोडमध्ये सीएचडीआयआर दिसलं की मी तर सरळ रिव्ह्यूत अडवतो.

उपाय काय, तर बेस पाथ स्वतः ठरवायचा आणि त्याला जोडत जायचं. पायथनमध्ये डंडर फाईल (फाईल शब्दाच्या आधी दोन आणि नंतर दोन अंडरस्कोर) नावाचं व्हेरिएबल मिळतं, त्यात चालू फाईलचा पाथ असतो, त्याच्यावरून फोल्डर काढा. यातही एक खड्डा आहे, तो पायरी ५ मध्ये.

दोन किरकोळ गोष्टी इथेच उरकतो. टिल्डा चिन्ह, म्हणजे ~, हे शेल उलगडून देतं, ओपन फंक्शन नाही. "~/मंडी" असं ओपनला दिलं तर ते खरोखर टिल्डा नावाचं फोल्डर शोधत बसेल, त्यासाठी एक्स्पँडयुजर वापरा. आणि जॉइनला दुसरा तुकडा स्लॅशने सुरू होणारा दिला तर पहिला तुकडा चक्क फेकला जातो, जॉइन("/होम/कोमल", "/ईटीसी/पासवर्ड") चं उत्तर "/ईटीसी/पासवर्ड". हा बग नाही, ठरवून तसंच केलंय, पण पुढे सिक्युरिटीत हेच चावतं.

पायरी २: सिमलिंक बनवा, आणि मुद्दाम एक चुकीची पण

दरवर्षी कोडमध्ये २०२५ चं २०२६ करत बसायला नको म्हणून "चालू" नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक, करू. मंडी फोल्डरमध्ये उभे राहा आणि हे करा:

एलएन -एस डेटा/२०२५ डेटा/चालू

काही एरर आली नाही ना? आता "कॅट डेटा/चालू/संत्री.सीएसव्ही" करा. नो सच फाईल. आता "एलएस -एल डेटा" करून बघा, चालू -> डेटा/२०२५ असं दिसेल, आणि टर्मिनल रंगीत असेल तर बहुतेक लाल रंगात.

सिमलिंकच्या आत फक्त एक मजकूर असतो, दुसरं काही नाही. तो मजकूर रिलेटिव्ह असेल तर तो मोजला जातो लिंक ज्या फोल्डरमध्ये पडलीये तिथून, तुम्ही कमांड देताना कुठे उभे होता तिथून नाही, आणि प्रोग्रामच्या सीडब्ल्यूडीपासून पण नाही. म्हणजे इथे कर्नल, लिनक्सचा गाभा, शोधायला गेला मंडी/डेटा/डेटा/२०२५. एलएन बिचारं तपासतही नाही की समोर काही आहे की नाही. लिंक काढा आणि नीट करा, "एलएन -एस २०२५ डेटा/चालू". किंवा "एलएन -एसआर डेटा/२०२५ डेटा/चालू", यात आर दिला की हिशोब जीएनयूचं एलएन स्वतः करतं, मी तर हेच वापरतो.

आता पुढच्या वर्षी लिंक बदलायची आहे. सगळे काय करतात, "एलएन -एसएफ २०२६ डेटा/चालू". एरर नाही, खूश होऊन घरी. पण चालू आधीच एका फोल्डरकडे बोट दाखवून राहिलं, म्हणून एलएन त्या फोल्डरच्या आत शिरतं आणि डेटा/२०२५ मध्ये २०२६ नावाची एक फालतू तुटकी लिंक बनवून ठेवतं, चालू मात्र जिथल्या तिथे, २०२५ कडेच. मधे एन पाहिजे, "एलएन -एसएफएन २०२६ डेटा/चालू". हे करून बघाच, आणि नंतर चालू परत २०२५ कडे वळवून घ्या.

तुटक्या लिंकबद्दल अजून एक. पायथनचं ओएस डॉट पाथ डॉट एक्झिस्ट्स लिंकच्या पलीकडे जाऊन बघतं, म्हणून तुटक्या लिंकला ते "नाही" म्हणतं. मग तुमचा कोड म्हणतो नाही ना, चला फोल्डर बनवू, आणि मेकडीआयआर म्हणतं हे तर आधीच आहे. दोघंही खरं बोलून राहिले. लिंक स्वतः आहे का हे विचारायचं असेल तर एलएक्झिस्ट्स किंवा इझलिंक. स्टॅट आणि एलस्टॅट मध्ये पण हाच फरक, एल लावलं की लिंकची माहिती, नाहीतर ती जिकडे नेते त्याची. आणि तुटक्या लिंकवर लिहायच्या मोडमध्ये ओपन केलं, आणि पलीकडचं फोल्डर असलं, तर एरर न येता तिकडे नवीन फाईल तयार होते. लॉग फाईल भलतीकडेच सापडते ती अशी.

लिंकने लिंककडे बोट दाखवलं तरी चालतं, पण लिनक्स एक पाथ उलगडताना ४० लिंकांपर्यंतच जातं, त्याच्यापुढे "टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स". ही एरर दिसली तर ४० खरंच झाल्या असं सहसा नसतं, दोन लिंका एकमेकींकडे बोट दाखवत बसलेल्या असतात.

पायरी ३: डॉट-डॉट, म्हणजे सगळ्याचं मूळ

पाथमध्ये दोन टिंबं, म्हणजे डॉट-डॉट, आली की अर्थ "एक फोल्डर वर". इथे घाई करू नका, हवं तर तर्री पोहा खाऊन या.

२०२३ चा डेटा दुसरीकडे ठेवलाय, त्याची लिंक डेटामध्ये करू:

एलएन -एस /होम/कोमल/जुनं/कळमना/२०२३ डेटा/मागचं

आता दोन साध्या फाईली बनवा, नाव दोघींचं एकच. मंडी/डेटा/नोंदी.टीएक्सटी मध्ये "मी मंडीतली" लिहा, आणि जुनं/कळमना/नोंदी.टीएक्सटी मध्ये "मी जुन्यातली". मंडीत उभे राहून पायथन उघडा आणि पी या व्हेरिएबलमध्ये हा पाथ ठेवा:

डेटा/मागचं/../नोंदी.टीएक्सटी

ओपन(पी) करून वाचा. उत्तर येतं "मी जुन्यातली". आता ओपन(अॅबस्पाथ(पी)) करून वाचा. उत्तर "मी मंडीतली".

एकच पाथ, दोन वेगळ्या फाईली, आणि एररचा पत्ता नाही.

झालं काय, तर ओपनने पाथ जसाच्या तसा कर्नलला दिला. कर्नल एकेक तुकडा चालत जातो, डेटा मध्ये गेला, मागचं ही लिंक दिसली, तिच्यातून उडी मारून २०२३ मध्ये पोचला, आणि मग डॉट-डॉट आलं. २०२३ चा खरा बाप कळमना, म्हणून तिथली नोंदी. अॅबस्पाथ मात्र मजकुराचा माणूस, त्याने सीडब्ल्यूडी पुढे चिकटवली आणि "मागचं/.." ही जोडी दिसली की दोन्ही खोडून टाकली, कारण कागदावर ते बरोबरच दिसतं. वाटेत सिमलिंक नसेल तर दोन्ही उत्तरं एकच येतात, म्हणूनच हे वर्षानुवर्षं लपून राहतं.

शेलमध्ये पण हेच दिसतं. "सीडी डेटा/मागचं" करा, मग पीडब्ल्यूडी, बॅश सांगेल तुम्ही मंडी/डेटा/मागचं मध्ये आहात. "पीडब्ल्यूडी -पी" केलं तर खरी जागा, जुनं/कळमना/२०२३. तिथूनच "एलएस .." करा, कळमना फोल्डरातलं सामान दिसेल. आणि "सीडी .." करा, तुम्ही डेटामध्ये! सीडी हे बॅशचं स्वतःचं, ते आलेल्या रस्त्याचा मजकूर लक्षात ठेवतं, एलएस हा वेगळा प्रोग्राम, तो कर्नलला विचारतो. एकाच टर्मिनलमध्ये एकाच डॉट-डॉटचे दोन अर्थ.

हा वाद जुना आहे. सिमलिंक युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत १९८३ साली आल्या, डॉट-डॉट त्याच्या आधीपासून होतंच. २००० साली रॉब पाईक यांनी प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टममध्ये डॉट-डॉट मजकुरानेच सोडवावं असं मांडून ते करून दाखवलं, पुढे ते गो भाषेच्या जन्मात होते, आणि गोच्या क्लीन फंक्शनचं वागणं बघितलं की ते लगेच ओळखू येतं. युनिक्सवाल्यांनी मात्र जुनंच चालू ठेवलं, म्हणून आपल्याला दोन्ही माहीत पाहिजे.

पायरी ४: आपापल्या भाषेत कोण काय करतं

काम तीन आहेत: पाथ अॅब्सोल्यूट करणं, मजकुरातले डॉट-डॉट साफ करणं, आणि डिस्कला विचारून लिंका उलगडणं. प्रत्येक लायब्ररीने या तीन कामांची खिचडी वेगवेगळी केलीये.

पायथनमध्ये ओएस डॉट पाथचं अॅबस्पाथ पहिलं आणि दुसरं काम करतं, रिअलपाथ तिसरं. पाथलिब, जे ३.४ पासून आहे, त्याचं अॅब्सोल्यूट फक्त पहिलं काम करतं, डॉट-डॉटला हातही लावत नाही, आणि ते मुद्दाम, वरच्याच कारणासाठी. रिझॉल्व्ह तिसरं करतं. म्हणजे अॅबस्पाथ आणि अॅब्सोल्यूट या दोन नावांवरून ते एकच आहेत असं समजू नका. फाईल नसेल तर रिझॉल्व्ह ३.६ पासून गप्प राहून जमेल तितका पाथ देतं, एरर पाहिजे तर स्ट्रिक्ट ट्रू द्या. रिअलपाथला स्ट्रिक्ट ३.१० मध्ये आलं.

जावात टू अॅब्सोल्यूट पाथ, नॉर्मलाइझ आणि टू रिअल पाथ, तीन कामं तीन मेथड, जावा ७ पासून. मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं. सी++१७ ने तर नावातच लेक्सिकली नॉर्मल असं लिहून टाकलं, डिस्कला विचारणारं ते कॅनॉनिकल. गोमध्ये अॅब्स म्हणजे चिकटवणं आणि क्लीन, लिंकांसाठी इव्हॅल सिमलिंक्स वेगळं. रस्टचं कॅनॉनिकलाइझ डिस्कला विचारतं आणि फाईल नसेल तर एरर देतं, विंडोजवर उत्तराच्या सुरुवातीला \\?\ असं काहीतरी विचित्र चिकटवून देतं, घाबरू नका. पीएचपीचं रिअलपाथ फाईल नसेल तर फॉल्स देतं, आणि उत्तर कॅशमध्ये ठेवतं, डिफॉल्ट १२० सेकंद, त्यामुळे लिंक बदलली तरी साईट जुन्याच फोल्डरमधून चालून राहिली असं थोडा वेळ दिसतं.

जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये पाथ डॉट रिझॉल्व्ह हे नाव सगळ्यात जास्त फसवतं. पायथनमधून आलेल्याला वाटतं हे लिंका उलगडतं, तर ते निव्वळ मजकुराचं काम करतं. डिस्कला विचारायचं ते एफएसचं रिअलपाथ. पण रिक्वायर मात्र मॉड्यूल लोड करताना स्वतःहून रिअलपाथ काढतं. याचा फटका एनपीएम लिंक करताना, म्हणजे आपलीच लायब्ररी सिमलिंकने अॅपला जोडताना, बसतो. तुमची चार्टची लायब्ररी /होम/कोमल/काम/चार्ट मध्ये आहे, अॅप दुसरीकडे, आणि अॅपच्या नोड मॉड्यूल्समध्ये तिची लिंक. लायब्ररीने रिअॅक्ट मागितलं की नोड शोध सुरू करतं ते लायब्ररीच्या खऱ्या जागेपासून वर वर, अॅपच्या फोल्डरमध्ये ते जातच नाही. मग एकतर मॉड्यूल सापडत नाही, नाहीतर लायब्ररीच्या स्वतःच्या नोड मॉड्यूल्समधली दुसरी रिअॅक्ट उचलली जाते आणि "इनव्हॅलिड हुक कॉल" म्हणून बोंब. प्रिझर्व्ह सिमलिंक्स असा फ्लॅग आहे, पण तो सरसकट लावू नका, पीएनपीएम हे पॅकेज बसवणारं टूल तर रिअलपाथच्या याच वागण्यावर उभं आहे.

पायरी ५: उलगडायचं कधी, आणि हात कधी लावायचा नाही

भाव.पीवाय कुठूनही चालवता यावं म्हणून होमच्या बिन फोल्डरमध्ये तिची लिंक करा आणि त्या लिंकने चालवा. आता डंडर फाईल छापा, बिनमधल्या लिंकचा पाथ दिसेल, म्हणजे त्याच्या शेजारी डेटा शोधायला गेलात तर सापडणार नाही. पण गंमत बघा, शेजारच्या कोड फोल्डरमधलं मॉड्यूल इम्पोर्ट केलं तर ते सापडतं! कारण सिस डॉट पाथची पहिली नोंद बनवताना पायथन स्क्रिप्टची लिंक उलगडून घेतो, डंडर फाईलला मात्र तसंच ठेवतो. म्हणून आधी पाथ(डंडर फाईल) ला रिझॉल्व्ह, मग पेरेंट, या क्रमाने. उलट क्रम लावला, आधी पेरेंट मग रिझॉल्व्ह, तर बिनच हाती येतं.

हे शिकलं की पोरं जिथे तिथे रिझॉल्व्ह लावत सुटतात, ते पण नको. व्हेन्व, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, चालू करून सिस डॉट एक्झिक्युटेबल छापा, व्हेन्वच्या बिनमधला पायथन दिसेल. लिनक्सवर ती बहुतेक वेळा सिस्टमच्या पायथनची सिमलिंकच असते, आणि पायथन आपण व्हेन्वमध्ये आहोत हे ओळखतो ते या न उलगडलेल्या पाथच्या आसपासची पायव्हेन्व डॉट सीएफजी फाईल बघून. तुम्ही त्याला रिझॉल्व्ह करून सबप्रोसेसला दिलं की थेट सिस्टमचा पायथन चालू, पांडाज गायब, मॉड्यूल नॉट फाउंड. बिझीबॉक्ससारखे, एकातच अनेक कमांड असलेले प्रोग्राम तर आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली त्यावरूनच एलएस बनायचं की कॅट ते ठरवतात, तिथे लिंक उलगडली की नावच गेलं.

माझा नियम साधा आहे. आपल्याच कोडच्या शेजारच्या फाईली शोधताना आणि सिक्युरिटीची तपासणी करताना उलगडा. युजरने दिलेला पाथ कॉन्फिगमध्ये साठवताना किंवा स्क्रीनवर परत दाखवताना त्याने दिला तसाच ठेवा, त्याने "चालू" लिहिलं असेल तर ते विचार करूनच लिहिलंय, तुम्ही त्याचं २०२५ करून ठेवलं तर पुढच्या जानेवारीत तो तुम्हालाच शोधत येईल. दोन पाथ एकच आहेत का हे बघायला मजकूर जुळवत बसू नका, पायथनमध्ये सेमफाईल आहे. मॅकवर तर /टीएमपी ही स्वतःच /प्रायव्हेट/टीएमपी ची लिंक आहे, तिथे पाथ जुळवणाऱ्या टेस्ट हमखास पडतात.

पायरी ६: बाहेरून आलेला पाथ

अपलोडची फाईल सर्व्ह करताना नाव युजरकडून येतं. त्यात डॉट-डॉट असू शकतात, ते स्लॅशने सुरू होऊ शकतं (जॉइन आठवतंय ना), आणि अपलोडच्या आत कोणी बाहेर जाणारी सिमलिंक पण आणून ठेवू शकतो. नुसतं डॉट-डॉट रिप्लेस करून काम भागत नाही. बेस आणि मागितलेला पाथ दोन्ही रिझॉल्व्ह करा आणि मग इझ रिलेटिव्ह टू ने तपासा, हे पायथन ३.९ पासून आहे. क्रम महत्त्वाचा, कारण इझ रिलेटिव्ह टू पण मजकुरावरच चालतं. स्टार्ट्सविथने तपासणं तर बिलकुल नको, "/मंडी/अपलोड-खाजगी" हे पण "/मंडी/अपलोड" नेच सुरू होतं.

तपासणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात कोणी लिंक बदलली तर? जिथे अनोळखी लोक त्याच फोल्डरात लिहू शकतात तिथे हा धोका खरा आहे, आणि तो लायब्ररीच्या स्ट्रिंग तपासणीने बंद होत नाही. लिनक्स ५.६ मध्ये ओपनएटी२ आलं, त्याला सांगता येतं की या फोल्डरच्या बाहेर पाऊलही टाकू नको. गो १.२४ मध्ये ओएस डॉट रूट याच कामासाठी आलंय. टार फाईल उघडताना पायथन ३.१२ आणि पुढे फिल्टर डेटा द्या, ३.१४ मध्ये ते डिफॉल्टच आहे.

पायरी ७: विंडोज, आणि आपली मराठी नावं

विंडोजवर सिमलिंक बनवायला अॅडमिनचा हक्क लागतो, नाहीतर विंडोज १० पासून डेव्हलपर मोड चालू करावा लागतो. तो नसेल तर गिट क्लोन करताना सिमलिंकच्या जागी एक चिमुकली टेक्स्ट फाईल येते आणि तिच्यात फक्त पाथ लिहिलेला असतो. "कॉन्फिग फाईल करप्ट झाली सर" म्हणून जे दाखवायला आणतात ते बऱ्याचदा हेच.

आता ती मराठीची गंमत. "शेतकऱ्यांची यादी" नावाची फाईल ठेवा. यातला ऱ्या तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: ऱ हे एकच अक्षर, किंवा साधा र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा, अक्षरं जोडणारा झेडडब्ल्यूजे. स्क्रीनवर तिन्ही सारखे, पण लिनक्ससाठी नाव म्हणजे बाइट, म्हणून तिन्ही वेगळ्या फाईली. कोणता कीबोर्ड काय टाकेल याचा भरवसा नाही. पायथनच्या युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणारं) लावलं की पहिले दोन एक होतात, तिसरा मात्र तसाच राहतो, त्याला स्वतःच बदलावं लागतं. शिवाय एका नावाला २५५ बाइटची मर्यादा, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजून, म्हणजे ८५ चिन्हं संपली की "फाईल नेम टू लाँग". सरकारी पत्रांचा अख्खा विषय फाईलच्या नावात टाकणाऱ्यांना हे लवकर भेटतं.

पायरी ८: अडकलात तर

"रीडलिंक -एफ" पूर्ण उलगडलेला पाथ देतं, ते सगळ्यांना माहीत असतं. "नेमआय -एल" फार कमी लोकांना माहीत आहे, ते पाथचा एकेक तुकडा वेगळ्या ओळीत दाखवतं, कोणता तुकडा लिंक आहे, ती कुठे जाते, परमिशन कुठे अडतंय, सगळं एका नजरेत.

त्यानेही नाही कळलं तर प्रोग्राम खरंच काय मागून राहिला ते एसट्रेसने बघा, "एसट्रेस -एफ -ई ट्रेस=फाईल पायथन३ कोड/भाव.पीवाय". खूप ओळी येतात, तुमच्या फाईलच्या नावाने शोधा. ओपनएटीच्या (फाईल उघडायला कर्नलला मारलेली हाक) कंसात एटी_एफडीसीडब्ल्यूडी दिसलं आणि पुढचा पाथ स्लॅशने सुरू होत नसेल तर तो सीडब्ल्यूडीपासून मोजला जातोय. आणि आधीच चालू असलेल्या सर्व्हिसची सीडब्ल्यूडी बघायची असेल तर प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या नंबरच्या फोल्डरात सीडब्ल्यूडी नावाची एक सिमलिंक असते, तिच्यावर रीडलिंक मारा. डिप्लॉयनंतर तिथे जुन्या रिलीजचं फोल्डर दिसलं तर नवल नाही, प्रोसेस सुरू होताना "चालू" जिकडे नेत होतं तेच फोल्डर तिने धरून ठेवलंय, लिंक बदलून ते सुटत नाही, सर्व्हिस रीस्टार्टच करावी लागते.